म्हातारपणची शिदोरी



वसंतातल्या व्याख्यानमालेत निवृत्तिवेतनासारखा रुक्ष विषय मी सुचविला, तेव्हा चालकांचा चेहरा जरा उतरलाच होता. हप्ते आणि व्याज यांचे कीर्तन कोण ऐकणार, अशी त्यांची शंका! परंतु आज या देवगाव फाट्यावर उतरलो आणि विषय योग्यच निवडला असे मला वाटले. येथून सेलूचा रस्ता कोणता, जिंतूरचा कोणता, मंठ्याचा कोणता, हे येथले लहान पोरही सांगेल. पैशांच्या फाट्यावर मात्र चांगला शिकलेला माणूसही बावचळून उभा राहतो. तेथे पाट्या पुष्कळ आहेत. पण त्यांची भाषा त्याला कळत नाही.

आपल्या लोकांना काटकसर शिकवावी लागत नाही. भिशी आहे, बचतगट आहेत, कापूस विकला की सोन्याचे चार मणी करून ठेवणारी गृहिणी आहे. ही शिदोरी अडीनडीला उपयोगी पडते खरी, पण मुलीच्या लग्नात किंवा एका आजारपणात ती संपते. हात थकल्यावर दरमहा घरात काय येणार, हा प्रश्न तसाच राहतो.

काहींच्या बाबतीत तो कायद्याने सोडविला आहे. कारखान्यातल्या कामगारांसाठी १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला आणि १९९५ पासून त्याला निवृत्तिवेतनाची जोड मिळाली. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमुळे महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा आला आणि नोंदलेल्या हमालांना निधीचा आधार मिळाला. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्या राज्य कर्मचाऱ्यांची जुनी योजना बंद झाली, तेव्हा ती परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये त्यांनी संप केला. निश्चित वेतनाचे मोल ते जाणत होते. परंतु या फाट्यावर चहा उकळणारा, पंक्चर काढणारा, शेतात कापूस वेचणारी बाई यांनी कोणाविरुद्ध संप करावा? अशांसाठी सर्वांना निवृत्तिवेतन मिळावे ही मागणी घेऊन बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी २०१२ साली पेन्शन परिषद उभी केली. ती मागणी मला न्याय्य वाटते. पण ती पुरी होईपर्यंत जे हाताशी आहे ते तरी समजून घेऊ या.

कोणतीही योजना पुढे आली की चार प्रश्न विचारावेत. किती भरायचे? किती वर्षे भरायचे? शेवटी हाती काय पडणार? आणि मध्येच मी गेलो, किंवा हप्ता थांबला, तर काय? हे चार प्रश्न अटल पेन्शन योजनेला लावून पाहू.

ही योजना २०१५ साली सुरू झाली. वय १८ ते ४० असावे, बँकेत किंवा टपाल कार्यालयात खाते असावे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून अशी अट आहे की माणूस प्राप्तिकर भरणारा नसावा. साठीनंतर दरमहा एक हजारापासून पाच हजारांपर्यंत, आपण निवडू तेवढे वेतन मिळण्याची हमी आहे. पाच हजारांसाठी अठराव्या वर्षी आरंभ केला तर महिना २१० रुपये. चाळिसाव्या वर्षी केला तर १,४५४ रुपये. पहिल्याचे बेचाळीस वर्षांत १,०५,८४० रुपये जातात, दुसऱ्याचे वीस वर्षांत ३,४८,९६०. वेतन दोघांनाही सारखेच! व्याजाला काम करायला वर्षे लागतात, एवढाच याचा अर्थ. साठीनंतर खातेदार गेला तर तेच वेतन पतीला किंवा पत्नीला मिळते. दोघांच्या मागे वारसदाराला साडेआठ लाख रुपये. हप्ता चुकला तर दंड असतो. म्हणून ज्याचे उत्पन्न हंगामी आहे त्याने महिन्याऐवजी सहामाही हप्ता घ्यावा.

पण आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. महागाई दरसाल शेकडा सहा धरली, तर दर बारा वर्षांनी रुपयाची किंमत निम्मी होते. छत्तीस वर्षांनंतरच्या पाच हजारांत आजच्या सव्वासहाशे रुपयांचाच बाजार येईल. म्हणून हा आधार पुरेसा आहे असे समजू नये. जमेल त्याने जोडीला टपाल कार्यालयात सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते काढावे. ते पंधरा वर्षांचे असते आणि वर्षाला ५०० रुपयेही चालतात.

आता ‘कर वाचवा’ या मंत्राविषयी. माझ्या परिचयाच्या एका किराणा दुकानदाराने मार्च महिन्यात या मंत्राला भुलून वीस वर्षांची विमा पॉलिसी घेतली. कर भरावा एवढे त्याचे उत्पन्नच नव्हते! तिसऱ्या वर्षी पाऊस रुसला, गावातली उधारी अडकली, हप्ता थांबला आणि भरलेल्यातला मोठा भाग हातचा गेला. शेतीच्या उत्पन्नावर तर प्राप्तिकर नाहीच. नोकरदारांचे म्हणाल, तर नव्या करपद्धतीत अशा बचतीची वजावट मिळत नाही, आणि २०२५-२६ पासून त्या पद्धतीत पगारासारख्या नेहमीच्या उत्पन्नावर बारा लाखांपर्यंत कर पडत नाही. तेव्हा आधी आपल्याला कर आहे काय ते पाहावे, मग तो वाचविण्याच्या गोष्टी कराव्यात. आणि पॉलिसी घेतलीच, तर कागद हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, हे ध्यानात ठेवावे.

हे सारे एका पानावर, मोठ्या अक्षरांत, साध्या मराठीत छापणे काही अवघड नाही. बँकांनी आणि विमा कंपन्यांनी ते छापावे, अशी मागणी आपण केली पाहिजे. पण तोवर वाट पाहू नका. या सभेत शिकलेली तरुण मंडळी पुष्कळ आहेत. प्रत्येकाने एका शेजाऱ्याजवळ बसावे, त्याचे पासबुक उघडावे, वारसाचे नाव लिहिले आहे काय ते पाहावे आणि हे चार प्रश्न त्याला समजावून सांगावेत. रस्ता विचारणाऱ्याला या फाट्यावर कोणी चुकीचा रस्ता दाखवीत नाही. तोच शिरस्ता येथेही पाळावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.