सल्ला देणारे खूप, शब्द टाकणारं कोण?

आजचा एपिसोड जरा भांडखोर होणार आहे, आधीच सांगून ठेवते. विषय आहे मेंटॉरिंग. कंपन्यांमध्ये बायकांसाठी ते 'लीडरशिप प्रोग्रॅम' असतात ना, ते.

आपल्या एका मैत्रिणीची व्हॉइस नोट आली होती. नाव सांगत नाही, कंपनी तर अजिबात नाही. सहा महिन्यांचा मेंटॉरिंग प्रोग्रॅम तिने पूर्ण केला. दर महिन्याला पाऊण तासाचा कॉल. मेंटॉर चांगल्या होत्या, वेळेवर यायच्या, ऐकून घ्यायच्या. कॉन्फिडन्स वाढव, मीटिंगमध्ये बोलत जा, नेटवर्किंग कर, असं सगळं सांगितलं. शेवटी सर्टिफिकेट मिळालं, ते तिने लिंक्डइनवर टाकलं, दोनशे लाइक्स आले. आणि प्रमोशन मिळालं शेजारच्या डेस्कवरच्या मुलाला, जो कुठल्याच प्रोग्रॅममध्ये नव्हता. तिचा प्रश्न होता, "ताई, माझंच काहीतरी कमी पडतंय का?"

तर ऐक. तुझं काम मी पाहिलेलं नाही, त्यामुळे छातीठोकपणे नाही सांगणार. पण हा अनुभव तुझ्या एकटीचा नाही. कॅटलिस्ट नावाची अमेरिकन संस्था आहे. त्यांनी २००८ मध्ये जगभरातल्या नामांकित बिझनेस स्कूलमधून एमबीए झालेल्या चार हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली आणि दोन वर्षांनी पुन्हा त्यांच्याकडे गेले. बायकांना मेंटॉर होते, भरपूर होते. तरी मधल्या काळात पुरुषांना १५ टक्के जास्त प्रमोशन्स मिळाली होती. हर्मिनिया इबारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये यावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की बायकांना मेंटॉर मिळतात पण स्पॉन्सर मिळत नाहीत. शिवाय त्यांचे मेंटॉर पुरुषांच्या मेंटॉरइतके वजनदार नसतात.

स्पॉन्सर म्हटलं की आपल्याला गणपती मंडळाचा बॅनर आठवतो. पण मराठीत याला फार नेमका शब्दप्रयोग आहे: शब्द टाकणं. तू खोलीत नसताना, तुझ्याबद्दल निर्णय चालू असताना, "हे काम तिला द्या, मी सांगते ना" असं म्हणणारं माणूस. सल्ला तुला देतात, शब्द तुझ्यासाठी टाकतात. दोन्हींत केवढा फरक आहे बघा.

आता तुम्ही म्हणाल, हा वशिला झाला की! थांबा, त्यावर येते. आधी एक गोष्ट.

जून २०२३ मध्ये गूगलच्या डूडलवर एक मराठी बाई दिसल्या होत्या, आठवतंय? कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, आपल्या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटला, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. वडील आणि काका तिथेच शिकलेले. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीनच वर्षं झालेली. त्यांनी अर्ज नाकारला. कारण? मुलगी आहे.

कमलाबाई परत फिरल्या नाहीत. थेट जाऊन जाब विचारला, सत्याग्रहाची भाषा केली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, गाइड सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचं, आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. म्हणजे मुलांचं लक्ष विचलित झालं तर दोष तिचा! वर्षभरानंतर रामन यांचं समाधान झालं, मान्यता मिळाली आणि पुढे त्या संस्थेची दारं मुलींसाठी उघडली.

ही गोष्ट सहसा इथेच संपवतात. जिद्द, टाळ्या, पुढचा रील. मला मात्र त्यातला एक माणूस जास्त इंटरेस्टिंग वाटतो: त्यांचे गाइड, श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक. पण त्यांनी कमलाबाईंना आपल्या विषयातलं जुनं-नवं संशोधन वाचायला लावलं, आणि बाहेरच्या मोठ्या शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार करायला लावला. आपल्या विद्यार्थिनीचं नाव संस्थेच्या भिंतीबाहेर गेलं पाहिजे, हे त्यांना कळत होतं. पुढे केंब्रिजला गेल्यावर डेरेक रिक्टर यांनी त्यांना प्रयोगशाळेत काम करायला जागा दिली. मग वनस्पतींच्या पेशींमधल्या सायटोक्रोम सी या घटकावरचं काम, आणि १९३९ मध्ये पीएचडी. विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. म्हणजे कुणी दार उघडलं, कुणी जागा दिली. निव्वळ "कॉन्फिडन्स ठेव" सांगून हे झालेलं नाही.

आणि याची दुसरी बाजूही त्यांच्याच आयुष्यात आहे. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या प्राध्यापक झाल्या, नीरेवरच्या संशोधनासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरी अंतर्गत राजकारणापायी संचालकपद चार वर्षं लांबलं. एवढी गुणवत्ता असताना! म्हणून "काम चांगलं करत राहा, आपोआप दिसेल" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं.

आता वशिला. वशिल्यात काम बघितलंच जात नाही, नातं बघतात. शब्द टाकणाऱ्याने तुझं काम बघितलेलं असतं आणि तो स्वतःची पत पणाला लावतो. तू फसलीस तर त्याचंही नाव खराब होतं. आणि खरं सांगू का, पुरुषांना हे कायम मिळत आलंय. टपरीवरच्या चहात, शनिवारच्या क्रिकेटमध्ये, सिगरेट ब्रेकमध्ये. त्याला कुणी प्रोग्रॅम म्हणत नाही, म्हणून तो दिसत नाही, एवढंच. संध्याकाळी घाईघाईने लोकल पकडणारी बाई त्या टपरीवर नसते.

हे फक्त ऑफिसवाल्यांचं नाही हं. गावाकडे बचत गटांत मला याचं जास्त चांगलं रूप दिसतं. 'उमेद' अभियान आपल्याकडे २०११ पासून आहे. त्यात सीआरपी असतात. गटातूनच वर आलेली बाई दुसऱ्या बायकांना गट बांधायला मदत करते. ती काही सूट घातलेली कोच नसते. पहिलं कर्ज घेताना पोटात कसा गोळा येतो, हे तिने अनुभवलेलं असतं. मग बँक सखी असते, जी शाखेत बसून खातं, कर्जाचे कागद यात गटातल्या बायकांना मदत करते. "बँकेत जा, घाबरू नको" असं घरून सांगणं वेगळं आणि काउंटरपाशी बाजूला उभं राहणं वेगळं. यांच्या मानधनाचा प्रश्न मात्र मोठा आहे, त्यासाठी या बायकांना आंदोलनं करावी लागलीत. त्यावर स्वतंत्र एपिसोड करायला हवा.

तर व्हॉइस नोटवाल्या मैत्रिणीला आणि तिच्यासारख्या बाकीच्यांना माझं सांगणं. पुढचा मेंटॉर मिळाला की पहिल्या दोन कॉलनंतर सरळ विचारायचं: "मॅडम, अप्रेझलच्या मीटिंगला तुम्ही असता का? नसलात तर तिथे माझं काम माहीत असलेलं कोण असतं? माझी ओळख करून द्याल?" किंवा, "अमुक प्रोजेक्टसाठी माझं नाव सुचवाल का? अजून नको वाटत असेल तर काय कमी आहे ते स्पष्ट सांगा." विचारताना जीभ अडखळेल, अडखळू दे. आणि समोरच्याला दारूगोळा द्या: या तिमाहीत काय केलं, त्याने काय फरक पडला, तीन ओळींत लिहून व्हॉट्सॲप करून ठेवा. शब्द टाकणाऱ्याला ऐन वेळी तुमचं काम आठवलं पाहिजे ना! "नाही" आलं तरी बिघडत नाही, निदान कुठे उभे आहोत ते कळतं आणि सहा महिने वाचतात.

एचआरमधलं कुणी ऐकत असेल तर एकच विनंती. प्रोग्रॅमच्या शेवटी "किती सेशन्स झाली" हे मोजू नका. किती जणींना मोठं काम मिळालं ते मोजा. आणि मेंटॉरिंगचं ओझं त्याच दोन-तीन सीनियर बायकांवर टाकता, ते त्यांच्या अप्रेझलमध्ये कुठे दिसतं का? बहुतेक ठिकाणी नाही दिसत. पुरुष बॉसनाही या कामाला लावा, निर्णयाच्या खुर्च्यांवर अजून तेच जास्त आहेत.

पुढच्या भागासाठी मला तुमचे किस्से हवेत: तुमच्यासाठी कुणी कधी शब्द टाकला, किंवा तुम्ही कुणासाठी टाकलात. व्हॉइस नोट दोन मिनिटांच्या आत ठेवा बरं का, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती आणि त्यातली चार मिनिटं रिक्षाचा आवाज होता.