वारा, वाडी आणि आपलं झाड

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातून तुम्हा सगळ्यांशी बोलतोय. इथल्या तळ्याला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. लहानपणी, १८७७ च्या सुमारास, विवेकानंद याच वस्तीत राहत होते. तळ्याकाठी आणि जुन्या घरांजवळ झाडं आहेत, म्हणून आजचा विषय आहे वादळ आणि झाडं.

आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत येतो तो ‘अंधड़’. दिवसभर जमीन तापते, बंगालच्या उपसागरावरून दमट हवा येते आणि दुपारनंतर ढग उंच चढतात. पावसानं गार झालेली जड हवा त्या ढगातून खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणून आधी धूळ येते, मग गार झोत आणि शेवटी पाऊस. एक हिशोब लक्षात ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला डुलणारं झाड ८० ला उन्मळू शकतं ते यामुळेच.

अंधड़ थोड्या वेळात सरतो. चक्रीवादळ मात्र तासन्‌तास झोडपतं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. तिथली घरं नारळी-पोफळीच्या वाड्यांतच वसलेली. कौलं उडाली, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पण खरं नुकसान वाडीचं झालं. भात पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो. पोफळ लावली की सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं जातात. आजोबांनी लावलेली बाग एका दुपारी गेली, म्हणजे घराचं उत्पन्नच गेलं.

भरपाई आधी हेक्टरी ५० हजार ठरली. आता दहा गुंठ्यांची वाडी म्हणजे हेक्टरचा दहावा भाग, हातात येणार पाच हजार. दहा गुंठ्यांत पोफळी दाटीनं लावलेल्या असतात, त्यामुळे झाडं मोजा, जमीन नको, अशी मागणी झाली आणि पुढे झाडागणिक मदत ठरली. सांगायचं कारण असं की तुमची बाग असेल तर पावसाळ्याआधी झाडं मोजून ठेवा, फोटो काढून ठेवा. पडलेल्या झाडांची मोजदाद पंचनाम्याच्या वेळी फार अवघड होते.

शहरात झाडं का पडतात? बऱ्याचदा आपणच त्यांचे पाय कापतो. गटारासाठी, केबलसाठी खणताना मुळं तुटतात. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततो. तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या छाटतो आणि झाडाचा तोल जातो. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं, मुळंही उथळ असतात. तो घराला खेटून लावू नये.

म्हणून झाड सरसकट तोडू नका, आधी बघा. बुंध्यावर अळंबी उगवली आहे का? मुळाजवळची माती एका बाजूनं उचलली गेली आहे का? झाड अलीकडेच कललं आहे का? असं दिसलं तर पालिकेला कळवा. बाकीच्या झाडांना बुंध्याभोवती मोकळी माती द्या आणि वाळक्या फांद्या मे महिन्याआधी जाणकाराकडून काढून घ्या.

वादळ सुटलं की झाडाखाली थांबू नका, गाडीही तिथे लावू नका. घरात खिडकीपासून दूर बसा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेची सूचना देतं, ते घरातल्या एकाच्या तरी फोनवर असू द्या. वादळ थांबल्यावर जास्त सांभाळा. पडलेल्या फांदीत तार अडकलेली असू शकते. हात लावू नका, १९१२ वर फोन करा. वाकून ताणलेली फांदी कापली की ती उसळून अंगावर येते, तिच्यावर स्वतः कोयता चालवू नका.

आणि झाड पडलंच, तर त्या पावसाळ्यात तिथे दुसरं लावा. कडुनिंब लावा, भिंतीपासून लांब लावा. मे महिन्यात आपल्याला सावली लागतेच, रायपुरातही आणि श्रीवर्धनातही.

तुमच्या गावात वादळाआधी काय तयारी करतात, ते जरूर कळवा. काळजी घ्या.