सत्तेची सीमा : अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आणि आपला गोवा

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी मराठीचा अध्यापक. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाविषयी मी बोलावे, हा एक प्रकारचा अधिकारातिक्रमच होय. परंतु अधिकार आणि त्याची मर्यादा हाच आजचा विषय असल्यामुळे आपण तो क्षम्य मानाल, अशी आशा आहे.

आरंभ शब्दापासून करतो. आपला 'अध्यक्ष' म्हणजे ज्याच्या देखरेखीखाली काम चालते तो. इंग्रजीतील 'प्रेसिडेंट' या शब्दाचे लॅटिन मूळ पाहिले, तर समोर बसून बैठक चालविणारा, एवढाच त्याचा साधा अर्थ. १७८७ साली फिलाडेल्फिया येथे ज्यांनी अमेरिकेची घटना लिहिली, त्यांनी इंग्लंडच्या राजाची सत्ता नुकतीच झुगारली होती. म्हणून त्यांनी आपल्या सर्वोच्च अधिकाऱ्यास हे विनम्र नाव दिले. १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांना 'हिज हायनेस'सारखे बिरुद लावावे, असा विचार सिनेटमध्ये निघाला. प्रतिनिधिगृहाने तो मानला नाही. 'मिस्टर प्रेसिडेंट' हेच संबोधन पुढे रूढ झाले.

या अध्यक्षाचे अधिकार लहान नाहीत. तो राष्ट्रप्रमुखही आहे आणि शासनप्रमुखही. सेनादलांचा तो सरसेनापती असतो. परराष्ट्रांशी बोलणी करणे, राजदूत व न्यायाधीश नेमणे, गुन्हेगारांस क्षमा करणे, विधेयक नाकारणे, हे सारे त्याच्या हाती. मात्र घटनाकारांनी प्रत्येक अधिकाराला एक कुंपण घातले. युद्ध घोषित करण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तेथील विधिमंडळाचा. तिजोरीची किल्लीही तिच्याच कमरेला. तहास सिनेटच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती हवी. नाकारलेले विधेयक दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा संमत करू शकतात. गंभीर अपराधाबद्दल महाभियोग चालविता येतो. आणि १९५१ सालच्या घटनादुरुस्तीनुसार कोणालाही दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येता येत नाही.

आता कोणी विचारील, पेडण्या-डिचोलीच्या वाचकास या साऱ्याशी काय कर्तव्य? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच सीमेवर उभे आहे.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्यातील पत्रादेवी येथे नि:शस्त्र सत्याग्रह्यांवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेल्या कर्नैलसिंगांसारखा तरुण तेथे हुतात्मा झाला. त्या रक्ताला चार महिनेही लोटले नव्हते, तोच २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पावलो कुन्य यांच्यासमवेत काढलेल्या निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा 'प्रांत' असा झाला. भारतात संतापाची लाट उसळली. अमेरिकेच्या घटनेत परराष्ट्रमंत्री हा अध्यक्षाचाच नेमलेला, त्यालाच उत्तरदायी. तेव्हा त्या एका शब्दाचे दायित्व अंतिमतः अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडेच जाते. अध्यक्षाचा एक शब्द पत्रादेवीपर्यंत कसा पोहोचतो, याचा हा दाखला.

दुसरा दाखला १९६१ सालचा. जॉन केनेडी त्या वर्षी अध्यक्ष झाले. वसाहतवादाविषयी त्यांची दृष्टी निराळी होती. मार्चमध्ये अंगोलाच्या प्रश्नावर अमेरिकेने सुरक्षा परिषदेत पोर्तुगालविरुद्ध मत दिले. परंतु अझोरेस बेटांवरील लष्करी तळ अमेरिकेस हवा होता आणि त्याच्या कराराची मुदत १९६२ अखेर संपत होती. नोव्हेंबरमध्ये पंडित नेहरू वॉशिंग्टनला जाऊन आले. डिसेंबरमध्ये दिल्लीतील राजदूत गालब्रेथ यांनी कारवाई लांबणीवर टाकण्याविषयी आर्जव केले. तरीही १८ डिसेंबरला भारतीय सेनेची कारवाई सुरू झाली आणि उत्तरेकडून दोडामार्गाच्या बाजूनेही सैन्य गोव्यात उतरले.

आता पाहा, जगातील अत्यंत सामर्थ्यवान मानल्या जाणाऱ्या या पुरुषाच्या हाती काय उरले होते? पोर्तुगाल नाटोचा सदस्य होता. पण सिनेटने संमत केलेल्या त्या तहाचे संरक्षणक्षेत्र युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिकपुरतेच होते. मांडवीचे खोरे त्यात बसत नव्हते. उरला सुरक्षा परिषदेचा मार्ग. ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी तेथे भारतावर कठोर टीका केली. युद्धबंदी आणि सैन्य मागे घेण्याच्या ठरावास सात मते मिळाली. सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया व संयुक्त अरब प्रजासत्ताक हे चार विरुद्ध गेले आणि सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव बारगळला. केनेडींनी पुढे नेहरूंना पत्राने आपली नाराजी कळविली. पण नाराजीचे वैर झाले नाही. १९६२ च्या अखेरीस चीनने आक्रमण केले, तेव्हा याच केनेडींनी भारतास शस्त्रसाहाय्य पाठविले.

याच्या शेजारी लिस्बनचे चित्र ठेवून पाहावे. तेथेही राष्ट्राध्यक्ष होते, आमेरिकु तोमाश. घटनेनुसार पंतप्रधानास काढण्याचा अधिकार त्यांना होता. प्रत्यक्षात सत्ता पंतप्रधान सालाझार यांची, आणि तिला कुंपण कसले ते नव्हते. वृत्तपत्रांचा मजकूर छापण्यापूर्वी सेन्सॉरच्या डोळ्यांखालून जाई. अशा सत्तेला 'आपण चुकत आहात' असे सांगणारे कोणी उरत नाही. शरण न जाता मरेपर्यंत लढा, असा हुकूम सालाझार यांनी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना धाडला. त्या सेनापतीने परिस्थिती ओळखून १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि व्यर्थ प्राणहानी टाळली. बक्षीस म्हणून त्याला १९६३ साली सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. हुकूमशाही कोसळल्यावर, १९७४ साली, त्याची प्रतिष्ठा त्याला परत मिळाली.

दोन्ही सत्तांनी आपल्याविषयी चूक केली, हे मी विसरलेलो नाही. परंतु जी सत्ता मर्यादित होती, तिला आपली दिशा बदलता आली. जिला मर्यादा नव्हती, ती अखेरपर्यंत हट्टाला चिकटून राहिली आणि सारे गमावून बसली. अर्थात, लिखित कुंपण आपोआप टिकत नाही. अमेरिकेतही अध्यक्षांनी काँग्रेसच्या युद्धघोषणेवाचून युद्धे लढली आहेत. म्हणून १९७३ साली काँग्रेसला निक्सन यांचा नकाराधिकार डावलून युद्धाधिकारांवर निर्बंध घालावे लागले. कुंपणाची राखण जागरूक नागरिकांनाच करावी लागते, आणि असे नागरिक वाचनातून घडतात.

माझा जन्म मुक्तीनंतरचा. सेन्सॉरचा काळ मी केवळ वडीलधाऱ्यांकडून ऐकला. त्या काळाचे ओझे वाहून हे ग्रंथालय शंभर वर्षे उभे राहिले, याचे मोल म्हणूनच मला अधिक वाटते. येथील कपाटांतून उद्याच्या मुलांनी जगातील मोठ्या माणसांची चरित्रे अवश्य न्यावीत. मात्र ती वाचताना या माणसाला कोण अडवू शकत होते, हा प्रश्न मनाशी ठेवावा. आपल्या ग्रंथालयाच्या अध्यक्षांनाही वार्षिक सभेपुढे हिशेब ठेवावा लागतो. या सभागृहातील ती लहानशी रीत आणि फिलाडेल्फियातील ती घटना, यांचे गोत्र एकच आहे.