घरचा संगणक आणि दुकानाची वही



जळगावच्या डाळमिलवाल्याकडे जा, धुळ्याच्या बाजार समितीतल्या अडत्याकडे जा, नाहीतर रावेर-यावलच्या केळीच्या व्यापाऱ्याकडे जा. एक शिस्त सगळीकडे सारखी दिसते. दुकानाची वही वेगळी, घरखर्चाची वेगळी. गल्ला मालकाचाच असतो, तरी मुलीच्या फीसाठी त्यातून पाच हजार काढले तर ते मालकाच्या नावे उचल म्हणून लिहिले जातात. घरच्या माणसांवर विश्वास नाही म्हणून कोणी असं लिहीत नाही. दोन हिशेब एकमेकांत मिसळले की नफा किती, खर्च किती आणि देणं कोणाचं, हे मालकालाही सांगता येत नाही, म्हणून लिहितात. पिढ्यान्‌पिढ्या वहीत पाळलेली ही शिस्त आपण घरच्या संगणकावर मात्र पाळत नाही, आणि ती पाळायला हवी, एवढंच मला आज सांगायचं आहे. धंद्याचा किंवा नोकरीचा मेल पत्ता वेगळा असावा, घरचा वेगळा असावा, आणि सगळ्यांच्या वापरातल्या संगणकात शिरताना प्रत्येकाचं दार वेगळं असावं.

सगळ्यांच्या वापरातला, असं म्हणण्याला आधार आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75व्या फेरीत, म्हणजे 2017-18 साली, देशातल्या 10.7 टक्के घरांत संगणक होता. शहरांत हे प्रमाण 23.4 टक्के होतं आणि खेड्यांत 4.4 टक्के. ज्या घरात संगणक आला, तिथे तो बहुधा एकच आला. त्यावर वडिलांचे टॅलीतले हिशेब आहेत, थोरल्याचे नोकरीचे अर्ज आहेत, धाकटीच्या प्रवेशाचे फॉर्म आहेत. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत काम करणारी मुलं गावी परतली, तेव्हा तोच संगणक काही महिने ऑफिसही झाला आणि शाळाही. चालू केला की थेट उघडतो, पासवर्ड नाही, ब्राउझरमध्ये सगळ्यांच्या मेल उघड्याच. घराच्या चाव्यांचा जुडगा ओसरीवर खुंटीला टांगून ठेवावा, तसं हे झालं.

जुडगा हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. मेल म्हणजे पत्र पाठवण्याची सोय, असं आपण समजतो. पण आज बँक, प्राप्तिकर, भविष्यनिर्वाह निधी, विद्यापीठाची परीक्षा, रेल्वेचं तिकीट, जिथे जिथे आपलं खातं आहे तिथे ‘पासवर्ड विसरलात का’ असं विचारणारी एक ओळ असते. ती दाबली की नवा पासवर्ड करण्याची वाट पुष्कळ ठिकाणी आपल्या मेलमध्ये येऊन पडते. मेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात बाकीच्या बऱ्याच खात्यांची चावी. म्हणून कुठला पत्ता कोणाचा आणि तो कुठल्या कामासाठी, हे ठरवणं म्हणजे घराची व्यवस्था लावणंच आहे.

हे न ठरवल्यामुळे काय होतं, ते आपल्या व्यापाऱ्यांनी जीएसटीच्या पहिल्याच वर्षात पाहिलं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, तेव्हा अनेकांनी नोंदणीचं काम दुसऱ्यावर सोपवलं. फॉर्म भरून देणाऱ्यांपैकी काहींनी व्यापाऱ्याच्या मेल पत्त्याच्या आणि मोबाइल नंबरच्या जागी स्वतःचेच टाकले. पुढे तो माणूस दुरावला, की व्यापाऱ्याला आपल्याच नोंदणीत शिरता येईना, कारण ओटीपी दुसऱ्याच्या मेलवर जात होता. अशा तक्रारी देशभरातून इतक्या आल्या की 2018 मध्ये, आपल्या भागाच्या कर अधिकाऱ्याकडे कागदपत्रं देऊन पत्ता आणि नंबर बदलून घेण्याची सोय सरकारला करावी लागली. दुकानाचा म्हणून एक स्वतंत्र मेल पत्ता आधीपासून असता, त्याचा पासवर्ड मालकाकडे असता, तर हा हेलपाटा पडला नसता. मुनीम बदलला, सीए बदलला, मुलगा पुण्याला गेला, तरी दुकानाचा पत्ता दुकानापाशीच राहतो.

नोकरदाराचं उलट आहे. कंपनीने दिलेला पत्ता कंपनीचा असतो. नोकरी सुटली की तो बंद होतो. बँक, विमा, मुलांची शाळा यांना हा पत्ता दिलेला असेल, तर राजीनाम्यानंतर त्या सगळ्या निरोपांची वाट एकदमच बंद होते. म्हणून घरच्या कामांना घरचाच पत्ता द्यावा, आणि तोही कुटुंबाचा एक असा नको. दोन भावंडांचे प्रवेशाचे अर्ज एकाच पत्त्यावर असले, की कोणाची यादी लागली आणि कोणाची फी भरायची राहिली, हे शोधण्यातच मुदत निघून जाते.

आता संगणकाच्या दाराकडे येऊ. इथे एक गैरसमज आहे. पुष्कळ घरांत ब्राउझरमध्ये प्रत्येकाच्या नावाचं गोल चित्र करून ठेवतात आणि वाटणी झाली असं मानतात. ती वाटणी सोयीची आहे, पण तिला कुलूप नाही; दुसऱ्याच्या चित्रावर बोट ठेवलं की त्याची मेल उघडते. खरी भिंत उभी राहते ती विंडोजमध्ये प्रत्येकाचं वेगळं युजर अकाउंट केल्यावर. मग प्रत्येकाचे फोल्डर, साठवलेले पासवर्ड, मेलच्या फाइली आपापल्या खोलीत राहतात. यातलं एकच अकाउंट ॲडमिनिस्ट्रेटरचं ठेवावं, आणि तेही रोजच्या कामाला वापरू नये. बाकीच्यांना साधं अकाउंट द्यावं. मुलाने एखाद्या गेमच्या नादात भलतंच काही उतरवून घेतलं, तरी साध्या अकाउंटमधून आलेल्या अशा प्रोग्रामला सहसा त्याच्याच खोलीपुरतं नुकसान करता येतं. ही भिंत तिजोरीची नाही, हेही सांगायला हवं. ॲडमिनिस्ट्रेटर दुसऱ्याच्या खोलीत जाऊ शकतो, आणि डिस्क कूटबद्ध केलेली नसेल तर ती काढून नेणाराही आतलं वाचू शकतो. पण घरात रोज होणाऱ्या चुकांपैकी बहुतेक ती अडवते.

आउटलुकसारख्या प्रोग्रामात मेल घेताना आणखी एक निवड करावी लागते. पॉप नावाच्या जुन्या पद्धतीत मेल आपल्या संगणकावर उतरते आणि, सेटिंग बदललं नाही तर, मूळ जागेवरून पुसली जाते. मग तीच मेल मोबाइलवर शोधली तर सापडत नाही, आणि डिस्क बिघडली तर कायमची जाते. आयमॅप पद्धतीत मेल मूळ जागी राहते आणि सगळीकडे सारखी दिसते. अनेकांच्या हातातल्या संगणकावर आयमॅपच घ्यावं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो मायेपोटी येतो: घरच्या घरात कसलं आलंय गुपित? नवरा-बायकोत, बापलेकांत पासवर्ड कशाला? आपल्या स्वतःच्या पत्रांपुरता हा प्रश्न रास्त आहे. आपलं पत्र कोणाला वाचू द्यायचं, हे आपण ठरवावं. पण कामाच्या मेलमध्ये जे असतं ते आपलं नसतंच. बँकेतल्या माणसाच्या मेलमध्ये खातेदाराचा पॅन असतो, दवाखान्यातल्या माणसाकडे रुग्णाचा रिपोर्ट असतो, शिक्षिकेकडे निकालाआधीचे गुण असतात. ती माहिती त्या लोकांनी संस्थेवर विश्वासून दिलेली असते, आपल्या कुटुंबावर नव्हे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हाच फरक केलेला आहे. माणसाने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी जी माहिती हाताळली तिला तो कायदा लागू नाही. नोकरी-धंद्यातल्या माहितीला ही सूट नाही. टेबल तेच, संगणक तोच, पण एका मेलला सूट आणि दुसरीला नाही. मग त्या दोन एकाच ढिगात कशा ठेवायच्या?

आणि मेल भलतीकडे जायला घरच्या माणसाच्या मनात काही वाईट असावंच लागतं असं नाही. अमेरिकेतलं उदाहरण जगाला ठाऊक आहे. अध्यक्षपदाच्या उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्या सहायक हुमा ॲबेडिन यांच्या कामाच्या मेल त्यांच्या पतीच्या, अँथनी वीनर यांच्या लॅपटॉपवर सापडल्या. पतीची चौकशी वेगळ्याच प्रकरणात चालू होती. या मेल तिथे गेल्या कशा? एफबीआयनेच नंतर स्पष्ट केलं की बहुतेक मेल खासगी उपकरणांची नक्कल लॅपटॉपवर साठवताना आपोआप गेल्या, आणि थोड्या छापून घेण्यासाठी पतीला पाठवलेल्या होत्या. छापून घेण्यासाठी मेल घरातल्या दुसऱ्याला पाठवणं आपल्याकडेही रोज चालतं. 28 ऑक्टोबर 2016 ला एफबीआयच्या प्रमुखांनी या मेलबद्दल अमेरिकी संसदेला पत्र लिहिलं. अध्यक्षपदाचं मतदान 8 नोव्हेंबरला होतं. मधे, 6 नोव्हेंबरला, त्यांनी कळवलं की क्लिंटन यांच्यावर खटला भरू नये हा आधीचा निष्कर्ष बदललेला नाही. तोवर एका घरातला लॅपटॉप साऱ्या देशाच्या चर्चेत येऊन गेला होता.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: इतके पासवर्ड लक्षात कोण ठेवणार? हा मला पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. त्यावर माझं उत्तर असं की, ते वहीत लिहून ठेवावेत आणि वही कपाटात कुलपात ठेवावी. सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा किंवा कुठेच न लावण्यापेक्षा हे कितीतरी बरं. संगणक उघडायला लहानसा पिन चालतो, तो आजीच्याही लक्षात राहील. यातच आणखी एक काळजी असते, की उद्या आपलं बरंवाईट झालं तर घरच्यांना मेल उघडायची कशी. बँकेत नॉमिनी नेमतो तशी सोय गूगलने 2013 पासून दिलेली आहे: खातं ठरावीक काळ वापरात नसेल तर त्यातली माहिती कोणाला मिळावी, हे आधीच नोंदवता येतं. पासवर्ड सगळ्यांना मोकळा ठेवण्याची त्यासाठी गरज नाही.

मोबाइल आल्यावर घरच्या संगणकाचं एवढं काय, असंही कोणी म्हणेल. पण टॅली, जीएसटीचं विवरणपत्र, लांबलचक प्रवेश अर्ज ही कामं आजही मोठ्या पडद्यावरच होतात, आणि नेमकी हीच चूक परवडू नये अशी कामं आहेत.

तेव्हा येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी तासभर एकत्र बसा. दुकानाचा पत्ता कोणता, घरचा कोणता, मुलांचे कोणते, हे एका कागदावर लिहा. बँकेत आणि जीएसटीत चुकीचा पत्ता असेल तर तो बदलायला सोमवारी अर्ज द्या. आणि संगणक चालू केल्यावर पडद्यावर घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगळं दिसेल, अशी व्यवस्था करूनच उठा.