मळवण्याआधीची चकाकी

स्पिटफायर विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर. १/४८ प्रमाणातल्या प्रतिकृतीत तो साधारण २३.४ सेंटिमीटर होतो. या छोट्या पंखावर रंगाचा ०.१ मिलिमीटर उंचीचा दाणा राहिला, तर खऱ्या विमानावर तो जवळजवळ पाच मिलिमीटरचा ठरेल! प्रतिकृतीला धूळ, तेल, काजळी यांनी जुनेपण देण्याआधी जो चमकदार पारदर्शक थर मारतात, त्याच्या गुळगुळीतपणाला म्हणूनच एवढे महत्त्व. आजचे व्याख्यान त्या एका थराविषयी आहे.

युद्धातले विमान तर मॅट रंगाचे. मग ते आधी चकचकीत का करायचे?

मॅट रंगाचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. त्यावर व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ केलेला तैलरंगाचा वॉश लावला की तो वाटेल तिकडे पसरतो, मुरतो आणि डाग धरतो. चकचकीत थरावर मात्र कुंचल्याचे टोक पॅनल लाइनला, म्हणजे पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या बारीक चराला, नुसते टेकवावे. केशाकर्षणाने रंग त्या चरातून झरझर पुढे जातो, आणि बाहेर आलेला नंतर पुसून काढता येतो. मळ कुठे बसावा हे कारागीर ठरवतो ते या थराच्या जोरावर. डिकलखाली, म्हणजे प्रतिकृतीवर चिकटवायच्या छापील चिन्हांखाली, हवा अडकून येणारी चंदेरी झाकही त्यामुळे टळते.

गुळगुळीतपणाचे मर्म द्रावक किती सावकाश उडतो यात आहे. एअरब्रशमधून निघालेला थेंब पृष्ठभागावर ओला पोचला पाहिजे आणि वाळण्याआधी त्याला पसरायला वेळ मिळाला पाहिजे. मिश्रण घट्ट असले, दाब जास्त झाला किंवा एअरब्रश लांब धरला, तर थेंब अर्धवट वाळूनच पोचतात आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत उमटतो. म्हणून अनेक जण तामियाचे एक्स-२२ हे क्लिअर ‘मिस्टर कलर लेव्हलिंग थिनर’मध्ये पातळ करतात, त्यात सावकाश उडणारा द्रावक असतो. ०.३ मिलिमीटरचा नोझल आणि १५ पीएसआयच्या आसपासचा दाब यांवर काम छान होते.

पहिले एक-दोन हात हलके मारावेत. शेवटच्या ओल्या हाताच्या वेळी नजर रंगावर न ठेवता पंखात पडलेल्या ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबावर ठेवावी. त्याची फाटकी कड सरळ झाली की तिथेच थांबावे. लोभाने आणखी एक हात मारला, तर वार्निश चरांत साचते आणि ज्या वाटेने वॉश जायचा तीच बुजते.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात आणखी एक संकट असते. लॅकरचा द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग थंड करतो, हवेतला दमटपणा त्यावर जमतो आणि थर पांढुरका पडतो. सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा दिल्यास तो बहुधा निवळतो. पण असे काम कोरड्या दिवशी करणे केव्हाही चांगले. थर निदान २४ तास वाळू द्यावा. तरीही साल राहिलीच, तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात हलके घासून पुन्हा पातळ हात द्यावा.

वॉश वाळल्यावर सगळ्यावर मॅट वार्निश येते. इंजिनाखालचे तेलाचे ताजे ओघळ मात्र त्यानंतर काढावेत, कारण ते चमकतच राहायला हवेत.