साठा कोणाचा आणि साठेबाज कोण?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



भावाबद्दल, कर्जाबद्दल, विजेबद्दल आपण प्रत्येक मेळाव्यात बोलतो. आज एका शब्दाबद्दल बोलायचे आहे. शब्द साधा आहे : साठा. शब्दाने पोट भरत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्या शब्दाच्या आडून आपल्या मालाचा भाव पाडला जातो, तो एकदा उलटून पालटून पाहिला पाहिजे.

आपल्या घरात साठवणीला किती नावे होती बघा. ज्वारी खळ्यावर निघाली की तिची रास. घरी आली की कणगी. तुराट्यांची नाही तर बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत भिंतीआड बळद. दाणा जास्त झाला तर जमिनीत पेव. कडब्याची गंजी. आणि वर्षभराच्या खाण्याची जी तजवीज, ती बेगमी. यातल्या एकाही शब्दाला वाईट वास नाही. ज्या घरात कणगी भरलेली, त्या घरात मुलगी द्यायला लोक तयार. आणि कणगीत दाणा किती उरला, कोणत्या महिन्यापर्यंत पुरेल, हा हिशोब माझ्या मायबहिणींच्या डोक्यात पक्का.

साठा सांभाळणे ही एक विद्या होती. पेव खणायचे, आत कडबा लावायचा, दाणा भरून तोंड मातीने बंद करायचे. पुढे उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. कोंडलेल्या हवेने माणूस दगावतो. आधी वारा लागू द्यायचा, दिवा सोडून पाहायचा. दिवा विझला तर उतरायचे नाही. आज वर्तमानपत्रात आपण वाचतो, 'खासगी क्लासचे पेव फुटले.' लिहिणाऱ्याने पेव पाहिलेले असेलच असे नाही, पण शब्द आपल्या घरचा आहे.

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचे कोठार. तिथल्या दामाजीपंतांची कथा सगळ्यांना माहीत आहे. दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारे भुकेल्या लोकांसाठी उघडली. त्यांना आपण संत म्हणतो. पण भावांनो, एक गोष्ट विसरू नका. कोठार उघडायला ते आधी भरलेले असावे लागते.

मग हा शब्द बिघडला कुठे? त्याला 'बाजी' हे शेपूट लागले तिथे. जुगारबाजी, फसवेबाजी, तशी साठेबाजी. शेपूट लागले की चौकशी संपली, शिक्षा सुरू. धरणात पाणी अडवले तर तो पाणीसाठा. सरकार त्याचे आकडे अभिमानाने सांगते. सरकारने गोदामात गहू भरला तर तो राखीव साठा. शहरातल्या माणसाने पैसे बँकेत ठेवले तर ती ठेव, तिला व्याज मिळते. आणि दाणा ठेवला की बातमी येते, 'साठा जप्त'! ज्याची ठेव तो ठेवीदार, ज्याचा साठा तो साठेबाज, हा कुठला न्याय?

या शेपटामागे कायदा आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने मालावर नियंत्रणे बसवली. युद्ध संपल्यावर १९४६ साली त्यासाठी कायदा केला, त्याच्या नावातच 'तात्पुरता' असा अर्थ होता. १९५५ साली त्याची जागा आवश्यक वस्तू कायद्याने घेतली, आणि तो आजही आहे. १९८० साली काळाबाजाराविरुद्ध दुसरा कायदा आला, त्यात खटल्याशिवाय सहा महिने डांबून ठेवायची सोय झाली. युद्ध संपले, तुटवड्याचा काळ संपला, तात्पुरते मात्र कायमचे झाले.

२०२० साली या कायद्यात दुरुस्ती झाली. भाव ठरावीक पटीने चढल्याशिवाय साठ्यावर मर्यादा घालायची नाही, असे ठरले. सप्टेंबरमध्ये दुरुस्ती, आणि ऑक्टोबरमध्येच कांद्यावर मर्यादा : घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ दुकानदाराला २ टन! पुढे २०२१ साली ती दुरुस्तीही रद्द झाली.

आता आपल्या कपाशीतल्या तुरीचे बघा. २ जून २०२३ रोजी तूर आणि उडदावर मर्यादा आली. घाऊक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळ दुकानदाराला ५ टन. २१ जून २०२४ रोजी पुन्हा तूर आणि हरभऱ्यावर. सरकार म्हणते, शेतकऱ्याला मर्यादा नाही, तुम्ही कशाला ओरडता? बरोबर आहे, माझ्या हाताला दोरी नाही. पण जो माझी तूर विकत घेणार, त्याचे हात बांधले तर तूर घेणार कोण? आणि महिना बघा, जून. ज्याला देणे होते त्याने जानेवारीतच तूर विकून टाकली. पोटाला चिमटा काढून ज्यांनी थोडी मागे ठेवली, नेमका त्यांच्याच भावावर हा आदेश येऊन पडतो.

कोणी म्हणेल, मजुराच्या घरी डाळ महाग होते त्याचे काय? प्रश्न खरा आहे, मजूर आपल्याच गावचा आहे. त्याला स्वस्त डाळ द्यायची तर सरकारने तिजोरीतून द्यावी, माझ्या पोत्यातून नव्हे. कोणी संगनमत करून बाजार अडवत असेल तर त्याला जरूर पकडा. पण नुसते साठवणे हा गुन्हा नाही. पीक एकदा येते, खाणारा बारा महिने खातो. साठवणारा हा दाण्याला पौषातून श्रावणात नेणारा गाडीवान आहे. गाडीवानाला अडवले तर पौषात दाणा मातीमोल होतो आणि श्रावणात मिळत नाही.

नुसत्या तक्रारीने भागणार नाही, आपला हिशोबही शिकला पाहिजे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. ती राबवणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के रक्कम उचलायची, १८० दिवसांसाठी, वर्षाला ६ टक्के व्याजाने. समजा, ८० हजारांची तूर ठेवली आणि ६० हजार उचलले. सहा महिन्यांचे व्याज १,८०० रुपये. तेच सावकाराकडे महिना तीन टक्क्यांनी १०,८०० रुपये. २००७ च्या वखार कायद्याने नोंदणीकृत गोदामाची पावतीही बँकेत तारण ठेवता येते. पावती हातात असली की साठ्याचे भांडवल होते.

आणि कापूस? २०२१-२२ च्या हंगामात भाव दहा हजारांवर गेला. पुढच्या वर्षी त्याच आशेने घरेच्या घरे कापसाने भरली. माणसे अंगणात, कापूस घरात. अंगाला खाज सुटली, वजन घटले, आगीची धास्ती वेगळी, आणि भाव सात-आठ हजारांवर आला. जगाचा बाजार उतरला होता. वाट पाहायची तर रोज भाव, घट आणि व्याज मांडून पाहिली पाहिजे. हिशोब नसलेला साठा म्हणजे नुसता हट्ट.

तर भावांनो, मायबहिणींनो, इथून जाताना दोन गोष्टी करा. आपल्या बाजार समितीत जाऊन विचारा, तारण योजना चालू आहे का, नसेल तर का नाही. आणि चावडीवर कोणी साठेबाज हा शब्द उच्चारला की त्याला थांबवा आणि विचारा, त्याने बाजार अडवला, की नुसता दाणा जपला? दाणा जपणे हे आपल्या आजीचे काम होते. तिला कोणी साठेबाज म्हटले नाही.