राजीखुशीने



आनंदाने काम करण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. हसतमुखाने, हौसेने, आपखुशीने, हसतखेळत. आम्ही आज बोलणार आहोत ते 'राजीखुशीने' या एकाच शब्दाविषयी. कारण कामगारांत वावरताना आमची गाठ त्याच्याशीच फार पडली.

'राजी' अरबीतून आला, 'खुशी' फारसीतून. दोहोंच्या पोटी संतोषच आहे. गावाकडे इर्जिक होत असे. शेजारीपाजारी आपापले बैल घेऊन एकाच्या रानात उतरत, दिवसभर नांगरत आणि मजुरीऐवजी पोटभर जेवून घरी जात. ती माणसे राजीखुशीने राबत, पण तसे त्यांच्याकडून कोणी लिहून घेत नसे. लिहिलेला हा शब्द भेटतो तो स्टँपाच्या कागदावर. बहीण वडिलार्जित जमिनीवरचा हक्क सोडते ती 'राजीखुशीने'. तिला कोणी विचारले होते काय, हे त्या कागदावरून कळत नाही.

नोकरी सोडण्याच्या कागदाला तर आपण 'राजीनामा'च म्हणतो. राजी असल्याचा लेख! पूर्वी दाव्यातल्या तडजोडीला आणि खातेदाराने जमीन सोडल्याच्या कागदालाही हेच नाव होते. जो जातो तो संतुष्ट आहे, हे नावातच गृहीत धरलेले.

एका कारखान्यात मंदीच्या दिवसांत दिले गेलेले राजीनामे आम्ही पाहिले. मजकूर सगळा एकाच टंकयंत्रावरचा. 'राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय' हे शब्द प्रत्येकावर त्याच ओळीत. निराळी होती ती फक्त सही. एका वयस्क कामगाराला आम्ही विचारले, "बाबा, हे तुम्ही लिहिलंत?" तो म्हणाला, "आम्ही नुसती सही केली, भाऊ. खुशी अगोदरच लिहिलेली होती."

मालकाला त्या खुशीची एवढी गरज का पडावी? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कामगारकपातीची व्याख्या घातली गेली. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला कमी करायचे, तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार आणि नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार देणे आले. स्वेच्छेने निवृत्त होणारा मात्र त्या व्याख्येतून वगळलेला. तेव्हा या एका क्रियाविशेषणाची किंमत रुपये-आण्यांत मांडता येत होती!

संमती मुक्त केव्हा नसते, हे १८७२ चा करार कायदा सांगतो. बळजबरी, गैरवाजवी वजन, कपट, खोटे निवेदन, चूक अशी पाच कारणे त्यात आहेत. घरची चूल उद्या पेटेल की नाही, ही धास्ती त्या पाचांत नाही. वकीलमंडळी रागावणार नसतील तर म्हणतो, कामगाराच्या बहुतेक सह्या त्या सहाव्या कारणानेच झालेल्या असतात.

म्हणून आम्ही सांगत आलो आहोत: असा कागद पुढे आला तर कचेरीत सही करू नका. घरी न्या, कारभारणीला वाचून दाखवा, रात्र जाऊ द्या. ज्याला खरेच जायचे असेल त्याने तो आपल्या हाताने, आपल्या शब्दांत लिहावा. ज्याला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी युनियनच्या खोलीत संध्याकाळी कोणी ना कोणी बसलेले असते.